माई वाढते आहे

ताई: …आणि हा कोट कुणाचा उचललास? खांद्यात अजून एक माणूस मावेल.

सर: माझाच आहे. बारीक झालोय मी.

ताई: बाहेरच्या फळ्यावर तर चांगला गुबगुबीत दिसतोस. ‘संशोधनातील यंदाचे मानकरी’. आणि हसतोयस असा, जणू फोटो काढणाऱ्यानंच बक्षीस दिलंय.

सर: जुना फोटो आहे तो, ताई.

ताई: तेच म्हणते. बक्षीस नवं, फोटो जुना. बाकी फळा झकास हं. कुणाचे किती लेख, कुणाला किती अनुदान, कोण कितव्या नंबरावर, सगळं ओळीत. आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले मी, इतका टापटीप कागद दिसला की आधी चष्मा पुसायचे. पण तुझं नाव सगळ्यात वर होतं, म्हणून आज नाही पुसला. तसंच वाचलं. दोनदा.

सर: तू सभागृहात जाऊन बस ना. पहिल्या रांगेत जागा ठेवलीय तुझी. मी येतोच मागून.

ताई: जाते. आधी माईला भेटते.

सर: आज नको.

ताई: आज नको म्हणजे? आजच तर हवं. तिच्या जिवावर कोट घालून मिरवणार तू, आणि तिला सांगायचं नाही?

सर: सूक्ष्मदर्शक बिघडलाय.

विद्यार्थिनी: सर, येऊ का आत? संचालकांच्या ऑफिसातून मानपत्र आलंय, एकदा नजरेखालून घाला म्हणतात… अय्या, ताई! कधी आलात?

ताई: आत्ताच. ये, बस. तुझे सर म्हणतायत सूक्ष्मदर्शक बिघडलाय.

विद्यार्थिनी: नाही तर. सकाळीच मी त्याच्यावर…

सर: तू जा. मानपत्र ठेव तिथे.

ताई: थांब गं पोरी. बाळ्या, लहानपणी खोटं बोलताना तू डावा कान चोळायचास. अजून चोळतोस. दे बघू ते मानपत्र. वाच गं, माझे डोळे आता चुरचुरतात.

विद्यार्थिनी: मी?

ताई: मग काय मी गाऊन दाखवू? वाच.

विद्यार्थिनी: “…आपल्या मातोश्रींच्या निधनाचे दुःख पचवून, त्यांच्याच व्याधिग्रस्त पेशी प्रयोगशाळेत वाढवून, ज्यांनी विज्ञानाला एक अमोल ठेवा आणि मातेला अमरत्व…” सर, हे मी नाही वाचत पुढे.

ताई: अगं वाच की. अमरत्व! कुणी लिहिलंय? त्याला म्हणावं, माईला हे ऐकवलं असतं तर म्हणाली असती, आधी पायपुसणं झटक, मग अमरत्व दे. पण चांगलं लिहिलंय. गल्लीत सगळ्यांना सांगते मी, तुमच्या आया फोटोत आहेत, माझी बाटलीत आहे. पोटातल्या गाठीचा एवढासा तुकडा, त्यातून भावानं वाढवली, आता जगभर हिंडते. लोकांना वाटतं म्हातारीचं डोकं फिरलं. काय झालं गं? रडतेस का?

विद्यार्थिनी: सर, यांना सांगायला हवं. कापूस यांचाच होता.

सर: मी सांगणार आहे. नंतर.

ताई: कसला कापूस?… थांब. मागच्या खेपेला हिनं माझ्या गालात कापसाची काडी फिरवली होती, ती?

विद्यार्थिनी: हो.

ताई: मला वाटलं माझ्यात काही दुखणंबिखणं शोधतेय. घाबरून झोप उडाली होती. कुणाला बोलले नाही, म्हटलं सांगायचं तेव्हा सांगतील. निघालं का काही?

विद्यार्थिनी: तुमच्यात नाही. नवीन नियम आलाय, ताई. अनुदान देणारी समिती आता पेशींची ओळख पटवून मागते. आपण म्हणतो या माईच्या, तर त्या माईच्याच आहेत हे दाखवायचं. माईंचं रक्तबिक्त काही ठेवलेलं नाही, म्हणून पोटच्या मुलाशी नाहीतर मुलीशी जुळवून बघायचं. सर देतो देतो म्हणत होते…

ताई: आणि दिलं नाही.

विद्यार्थिनी: कामात होते.

ताई: गालात काडी फिरवायला काम आड आलं. बरं. पुढे?

विद्यार्थिनी: जुळलं नाही.

ताई: काय?

विद्यार्थिनी: तुमचं आणि माईचं. अजिबातच जुळलं नाही.

ताई: म्हणजे… मी माईची नाही?

सर: ताई, तसं नाही—

ताई: तू गप्प बस. या वयात मला सांगताय मी माईची मुलगी नाही? तिच्यासारखंच नाक, तिच्यासारखेच गुडघे, आणि ही काल आलेली पोर—

विद्यार्थिनी: नाही हो ताई! तुम्ही माईच्याच आहात. त्या पेशी माईच्या नाहीत.

ताई: हळू बोल. परत सांग.

विद्यार्थिनी: ज्या बाटलीत आपण माई म्हणून बघतो ना, त्यात माई नाहीच. दुसऱ्याच कुणाच्या पेशी आहेत. पुरुषाच्या.

ताई: कुठला पुरुष?

सर: दूर कुठल्या तरी देशातला एक माणूस. फुप्फुसात गाठ होती त्याच्या. माई आजारी पडायच्या कितीतरी आधी तो वारला. त्याच्या पेशी अर्ध्या जगात वापरतात. शेजारच्या खोलीतही आहेत.

ताई: म्हणजे मी दर खेपेला इथे येऊन, वाकून, “बरी आहेस ना गं” म्हणून विचारायचे, ते कुणा परक्या बाप्याला?

विद्यार्थिनी: हो.

ताई: सुनेचं सगळं सांगितलं मी त्याला. जावयाचं पण. तू बाहेर गेलीस की सांगायचे, पोरी.

विद्यार्थिनी: मला माहितीये. म्हणूनच जायचे बाहेर.

ताई: शिरला कसा तो तिथे?

सर: पेशींना खायला एक लाल पाणी घालतात. ज्यांची बाटली त्यांनाच, एकाची दुसऱ्याला लावायची नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. त्या वर्षी आमचं पाणी संपलं होतं. माई उतरत चालली होती, दर आठवड्याला थोडी कमी. नवीन मागवलेलं येईना. मी शेजारच्या खोलीतली उघडलेली बाटली आणली. त्यांनी त्यात वापरलेली नळी परत बुडवलेली असणार. एखादा थेंब. एक पेशी आली तरी पुरते.

विद्यार्थिनी: फार दांडगट जात आहे ती, ताई. दुसऱ्या कुणाला जागाच ठेवत नाही.

ताई: आठवतंय मला. फोन आला होता तुझा. “ताई, माई सावरली, बाटली भरून गेलीय.” मी दारात उभी राहून रडले. म्हटलं, हट्टीच आहे आपली माई. तापानं फणफणली तरी उठून चुलीशी जायची.

सर: मीही हेच म्हणालो होतो.

ताई: आणि खरं तर त्याच आठवड्यात ती संपली.

सर: हो.

ताई: आपण तिकडे आनंद करत होतो.

सर: हो, ताई.

ताई: मला एक सांग. मला यातलं ओ की ठो कळत नाही, तू यातच केस पांढरे केलेस. जी बाई महिनोन्‌महिने झिजत होती, ती एका पंधरवड्यात पैलवान झाली. तुला काहीच वाटलं नाही?

सर: तेव्हा…

ताई: कान सोड.

सर: त्या वाढत होत्या, ताई.

ताई: हे उत्तर झालं?

सर: माझ्याकडे एवढंच आहे. वाढत होत्या. त्यावर पहिला लेख लागला, मग पुढचे. कुठून कुठून लोक पेशी मागायला लागले, मी पाठवल्या. दर वर्षी मनात यायचं, एकदा तपासून घ्यावं. आणि दर वर्षी कुठलं तरी बक्षीस यायचं.

ताई: हारात बुडालेल्या बाईला नाव कोण विचारतो! आणि पाठवल्यास त्यांचं काय? तेही याच बाप्याला माई समजून बसलेत?

सर: बसले असतील.

ताई: छान. अख्ख्या जगाला लावलंस कामाला. पोरी, तुझा तो मोठा प्रबंध, सगळं लिहून झालं, बांधायला टाकायचाय म्हणत होतीस, तो कशावर आहे?

विद्यार्थिनी: माईवर.

ताई: सगळाच?

विद्यार्थिनी: पहिल्या पानापासून. पोटातली गाठ औषधाला कशी दाद देते, असा विषय आहे. आणि पेशी निघाल्या फुप्फुसाच्या. विषय होता, म्हणायला हवं.

ताई: आणि तूच शोधून काढलंस.

विद्यार्थिनी: मला वाटलं जुळेल, ताई. शंका म्हणून नव्हतं केलं. सर टाळत होते, मला वाटलं त्यांना नको वाटत असेल, आईची अशी पडताळणी. म्हणून परस्पर केलं. म्हटलं, जुळल्याचा कागद समारंभाच्या दिवशी त्यांच्या हातात द्यायचा. भेट म्हणून.

ताई: दिलीस की मग भेट. आता काय, बाळ्या? वर चढून काय सांगणार आहेस?

सर: आज काही सांगायचं नसतं. फक्त स्वीकारायचं असतं. ताई, असं बघू नकोस. बक्षिसाबरोबर अनुदान आहे, त्या पैशांवर इथल्या माणसांचे पगार आहेत, मुलांच्या शिष्यवृत्त्या आहेत. आणि सगळं संपलेलं नाही. खरी माई आहे अजून.

ताई: कुठे?

सर: सुरुवातीला काही पेशी मी गोठवून ठेवल्या होत्या. चूक व्हायच्या आधीच्या, अगदी पहिल्या. त्यातली एकच नळी उरली होती. ती वितळवून बाटलीत लावलीय. त्या उबदार कपाटात आहे.

ताई: जिवंत?

सर: बघायचंय.

ताई: कधी?

विद्यार्थिनी: आज बघायला हव्यात, ताई. जगल्या असतील तर एव्हाना तळाला चिकटल्या असतील. मी सकाळपासून विचारतेय. सर म्हणतात, समारंभ झाल्यावर.

सर: जगल्या असतील तर सगळं सरळ करता येईल. समितीला कळवू, मधे गफलत झाली होती, मूळ पेशी हातात आहेत, काम पहिल्यापासून करतो. हिलाही नवीन प्रबंध उभा करता येईल.

ताई: आणि नसतील जगल्या तर?

सर: तर… तेही नंतर बघू.

ताई: म्हणजे आधी बघून वर चढलास तर लबाडी, आणि न बघता चढलास तर नजरचूक. बरोबर ना? मी कुठेही तपासणीला गेले की एक कपाट असं असायचंच, ज्याची किल्ली नेमकी त्या दिवशी सापडायची नाही. साहेब चहा मागवायचे. मी म्हणायचे, चहा नंतर, आधी हे उघडा.

सर: ताई, मी तुझ्या ऑफिसातला कारकून नाही.

ताई: नाहीस. कारकून घाबरायचे तरी. उघड ते कपाट.

विद्यार्थिनी: काढू का, सर?

ताई: त्याला काय विचारतेस?

विद्यार्थिनी: त्यांची आई आहे, ताई.

सर: काढ.

विद्यार्थिनी: हातमोजे घालते… ही बघा. पाणी लालच आहे.

ताई: लाल चांगलं की वाईट?

विद्यार्थिनी: जिवंत असल्या, खात असल्या, की पाणी पिवळट पडतं.

ताई: बेतानं खात असेल. माई कमीच जेवायची. सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं.

विद्यार्थिनी: हो… ठेवली खाली. थोडा प्रकाश कमी करते. सर, तुम्ही बघता?

सर: तू बघ.

विद्यार्थिनी: मी बघितलं.

(तो सूक्ष्मदर्शकावर वाकतो.)

ताई: काय दिसतंय?… बाळ्या?… पोरी, तू सांग.

विद्यार्थिनी: एकही चिकटलेली नाही. सगळ्या गोल होऊन तरंगतायत.

ताई: तरंगतायत म्हणजे?

विद्यार्थिनी: गेल्या, ताई. वितळतानाच गेल्या असतील. फार जुन्या होत्या.

ताई: सरक. मला बघू दे. सरक म्हटलं ना… एवढ्याशाच आहेत. तो दुसरा कसा गच्च दाटीवाटीनं बसलेला असायचा. ही अशी, विरळ. ही नक्की माईच ना?

सर: नळीवर माझ्या हातची तारीख होती. तीच आहे.

ताई: मग मी आज पहिल्यांदाच बघतेय हिला.

सर: ताई, बस तू. खुर्ची घे.

ताई: ऑपरेशनच्या टेबलावरून ती उठली नाही, त्या दुपारी तू गाठीचा तुकडा बर्फात घातलास आणि पळालास. आम्ही तिला स्मशानात न्यायला निघालो. सगळे विचारत होते, मुलगा कुठंय. मी म्हटलं, तो तिला वाचवायला गेलाय. जो विचारेल त्याला हेच. वर्षानुवर्षं. तुझ्यावर रागवायचं होतं रे मला. पण ती तर इथे वाढत होती. रागवायला तू जागाच ठेवली नाहीस.

सर: तुकडा तासाभरात लावला नसता तर वाया गेला असता.

ताई: मग काय झालं त्याचं?

विद्यार्थिनी: सर… फोन. संचालक आहेत.

सर: दे. हॅलो… हो सर… नाही, खोलीतच आहे अजून… नाही सर, मला येता येणार नाही. घरी… आई गेली… हो, आत्ताच कळलं… नाही नाही, कुणी यायला नको. ताई आहे इथे… चालेल. उपसंचालकांनी घेतलं तरी चालेल… हो. आभारी आहे सर.

ताई: काय म्हणाले?

सर: फार हळहळले. म्हणाले, सभागृहाला उभं राहून दोन मिनिटं शांत राहायला सांगतो. मानपत्र आणि अनुदानाचं पत्र माझ्या वतीनं उपसंचालक घेतील.

ताई: मानपत्रात तिचं निधन आधीच झालंय, ते त्यांनी वाचलंही नाही वाटतं! म्हणजे पैसे येणार ते येणारच, वर अख्खं सभागृह उभं राहणार.

सर: मी खोटं बोललो नाही.

ताई: एक अक्षर नाही. इतकं स्वच्छ खोटं मी नोकरीत कधी बघितलं नव्हतं. तिच्या नावावर बक्षिसं घेतलीस, आज तिच्याच नावावर सुट्टी घेतलीस. अजून किती वापरणार आहेस तिला?

विद्यार्थिनी: ताई, राहू द्या ना. आजच्या दिवस तरी.

ताई: तू त्याची वकिली करू नकोस. तुझं काय बुडालंय ते कळलंय का तुला?

विद्यार्थिनी: कळलंय.

ताई: मग?

विद्यार्थिनी: मग काय. आज सरांनी सांगितलं नाही तर समितीच्या तपासणीत निघणारच. तेव्हा लोक म्हणतील, विद्यार्थिनीनं बाटल्यांचा घोळ घातला. अलीकडे पेशी मीच सांभाळते. प्रत्येक बाटलीवर माझंच अक्षर आहे.

सर: असं कोण म्हणेल?

विद्यार्थिनी: सगळे म्हणतील, सर.

सर: मी म्हणेन?

विद्यार्थिनी: तुम्ही नाही म्हणणार. कुणी म्हणालं तर तुम्ही ऐकून घ्याल.

ताई: बाळ्या, बोल की आता. का हेही समारंभानंतर?

सर: फोन लाव गं.

विद्यार्थिनी: कुणाला?

सर: संचालकांना. ते व्यासपीठावर चढायच्या आत.

विद्यार्थिनी: सर, विचार करा. एकदा सांगितलं की…

सर: विचार केला की मी काय करतो ते बघितलंस ना तू? लाव.

विद्यार्थिनी: वाजतोय.

सर: हॅलो, सर, मीच परत… हो, दोनच मिनिटं. अनुदान आज जाहीर करू नका… नाही, ऐका. माई म्हणून आमच्याकडे ज्या पेशी आहेत त्या माईच्या नाहीत. शेजारच्या खोलीतल्या आहेत… हो, सगळ्या… हो, सगळे लेख. बाहेर पाठवलेल्यासुद्धा… चूक माझी आहे, माझ्या हातची, ही मुलगी इथे यायच्या फार आधीची. तिनं ती शोधून काढली. हे तिच्या नावानिशी लिहून घ्या, सर, आत्ता, माझ्यासमोर… लिहिलंत?… नाही, दुःखाच्या भरात नाही बोलत… आणि कृपा करून कुणाला उभं करू नका… नाही सर. आई आज नाही गेली. तिला जाऊन फार वर्षं झाली.